कोपराचा हलका धक्का

दुकानातून नवा एसी घरी येतो, मिस्त्री तो भिंतीवर बसवून देतो आणि पहिल्यांदा कळ दाबली की त्याच्या चिमुकल्या पडद्यावर २४ हा आकडा उमटतो. हा आकडा कंपनीतल्या कुणा अभियंत्याला आवडला म्हणून तिथे आलेला नाही. वीजबचतीचे काम पाहणाऱ्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोशी विचारविनिमय करून केंद्र सरकारने १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसींना तो बंधनकारक केला आहे. बंधन आहे ते कारखानदारावर. ग्राहकावर कसलेच नाही. ज्याला अठरा अंशांवर गोधडी पांघरून झोपायची हौस आहे त्याने रिमोट उचलावा आणि खुशाल झोपावे. मात्र त्यासाठी रिमोट उचलावा लागतो. ब्युरोच्या हिशेबाने तापमान एका अंशाने वर ठेवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते, आणि या बचतीचा सगळा भरवसा एवढ्यावरच आहे, की पुष्कळ घरांत तो रिमोट उचलला जाणार नाही.

पुढे जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल यांनी एसीचे तापमान २० ते २८ अंशांच्या मर्यादेतच ठेवता येईल अशी व्यवस्था आणण्याचे सूतोवाच केले. तेव्हा मात्र घरोघरी चर्चा झाली, विनोद झाले, ‘आता सरकार आमच्या झोपायच्या खोलीतही येणार का’ असा सूर निघाला. चोवीसचा आकडा आला तेव्हा फारशा कुणाच्या तो लक्षातही आला नव्हता. दोन्हींचा हेतू एकच, वीज वाचवणे. पण एका ठिकाणी दाराला कडी घातली जाणार होती. दुसऱ्या ठिकाणी दार नुसते लोटून घेतले होते.

या लोटून घेतलेल्या दाराला अर्थशास्त्रात ‘नज’ असे नाव आहे. रिचर्ड थेलर आणि कॅस सनस्टीन या दोन अमेरिकन प्राध्यापकांनी २००८ साली याच नावाचे पुस्तक लिहिले. थेलर यांना २०१७ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले आणि मग हा शब्द सरकारी दालनांमधून मोकळेपणाने फिरू लागला. ब्रिटनने तर २०१० सालीच पंतप्रधानांच्या कचेरीला जोडून त्यासाठी खास पथक नेमले होते. आपल्याकडे २०१८-१९ च्या आर्थिक पाहणी अहवालात या विषयावर एक सबंध प्रकरण आहे. शब्दाचा अर्थ कोपराने हलकेच ढोसणे. मराठीत ‘कोपरखळी’ हा शब्द तोंडाशी येतो खरा, पण आपल्या कोपरखळीत एक खोच असते, समोरच्याला ती लागावी अशीच अपेक्षा असते. नजचे उलट आहे. तो लागला हे कळूच नये, पाय मात्र हव्या त्या दिशेला वळावेत! सक्ती करायची नाही, लालूच दाखवायची नाही. निवडीची मांडणी तेवढी बदलायची. उपाहारगृहात फळे डोळ्यांसमोर ठेवली आणि तळलेले पदार्थ मागच्या फळीवर सरकवले, तर कुणाच्याही हक्कावर गदा न येता फळे जास्त खपतात, इतकी साधी ही गोष्ट आहे.

पर्यावरणाच्या बाबतीत ही युक्ती सरकारांना आणि कंपन्यांना भलतीच आवडली, यात नवल नाही. कर लावावा तर मते जातात, बंदी घालावी तर व्यापारी रस्त्यावर येतात आणि उपदेश कुणी ऐकत नाही. कोपराच्या धक्क्याला खर्च जवळजवळ नाही आणि विरोधही नाही. म्हणूनच ही युक्ती कुठे चालते, कुठे चालत नाही, आणि चालते तेव्हा तिचा भार कुणाच्या खांद्यावर पडतो, हे आपण ग्राहकांनी जरा नीट पाहून घ्यायला हवे. शेवटी कोपर त्यांचे असले तरी बरगडी आपली आहे.

चालते कुठे, ते आधी पाहू. जर्मनीतल्या सुमारे ४२ हजार घरांवर केलेला एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. विजेचा करार करताना ग्राहकाला विचारले जाई, की पवन किंवा सौर अशा स्वच्छ स्रोतांची, किंचित महाग वीज तुम्हाला हवी का? काही ग्राहकांपुढे ती चौकट कोरी ठेवली होती. हवी असेल त्याने खूण करायची. अशांपैकी सात टक्क्यांच्या आसपास लोकांनी खूण केली. दुसऱ्या गटापुढे खूण आधीच केलेली होती. नको असेल त्याने ती काढायची. तिथे ६९ टक्के लोकांनी ती तशीच राहू दिली. लोक तेच, वीज तीच, दर तोच. फरक होता तो एका खुणेचा. आधीच ठरवून दिलेल्या अशा पर्यायाला आपण ‘गृहीत पर्याय’ म्हणू. माणूस या गृहीत पर्यायाला का चिकटतो, याची कारणे शोधायला प्रयोगशाळेत जायला नको. थोडा आळस, थोडी घाई, आणि ‘त्यांनी ठेवले आहे म्हणजे बरोबरच असेल’ असा थोडा विश्वास.

दुसरे उदाहरण चीनमधले, आणि ते आपल्या घरांच्या जास्त जवळचे आहे. अलीबाबा समूहाच्या ‘एलेमे’ या घरपोच जेवणाच्या सेवेने बीजिंग, शांघाय आणि तियानजिन या शहरांत जेवणाबरोबर येणारे लाकडी किंवा प्लॅस्टिकचे चमचे-काड्या देणे बंद केले नाही. फक्त ‘नकोत’ हा गृहीत पर्याय केला. हवे असतील त्याने तसे सांगायचे. नको म्हणणाऱ्याच्या खात्यावर काही गुण जमा होत आणि पुरेसे गुण झाले की त्याच्या नावे झाड लावले जाई. २०२३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याचा हिशेब आला. चमच्यांविना जेवण मागवण्याचे प्रमाण ६४८ टक्क्यांनी वाढले होते, म्हणजे जवळजवळ साडेसात पट झाले होते. आपल्याकडे झोमॅटोने ऑगस्ट २०२१ मध्ये हेच केले. घरात चमच्यांनी भरलेला खण असताना वरणभाताबरोबर आलेला प्लॅस्टिकचा चमचा सरळ कचऱ्याच्या डब्यात जातो, हे कुठल्या गृहिणीला ठाऊक नाही? तो नको असतो सर्वांनाच. नको म्हणायचे कष्ट कुणी घेत नाही. चीनच्या गोष्टीत एक बारकावा मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. कंपनीला ही बुद्धी आपसूक सुचलेली नव्हती. मागितल्याशिवाय चमचे देऊ नयेत, असे नियम त्या त्या शहरांनी केले होते. ग्राहकाला कोपर लागले, पण कंपनीच्या पाठीत आधी नगरपालिकेचा गुद्दा बसला होता.

आता आपल्या घरच्या वीजबिलाकडे येऊ. महावितरणची ‘गो ग्रीन’ नावाची योजना आहे. कागदी बिल नको, ई-मेल आणि लघुसंदेश पुरे, असे कळवणाऱ्या ग्राहकाला कित्येक वर्षे दर बिलामागे दहा रुपये सवलत मिळत असे; पुढे वर्षभराची सवलत एकरकमी १२० रुपये देण्याची व्यवस्था झाली. योजना चांगली आहे, फसवणूक नाही, पैसेही मिळतात. पण महावितरणच्या दोन कोटींहून अधिक ग्राहकांपैकी काही लाखांनीच तिचा लाभ घेतला. कारण इथे गृहीत पर्याय आहे तो कागदाचा. ज्याला कागद नको त्याने बिलावरचा जीजीएन क्रमांक शोधायचा, अ‍ॅप किंवा संकेतस्थळ उघडायचे, तिथे नोंदणी करायची. दहा रुपयांसाठी एवढे करायला आपण उद्यावर ढकलतो, आणि तो उद्या पुढच्या बिलाबरोबर येतो.

मग जर्मनीसारखे उलट करून टाकावे का? सर्वांचे कागदी बिल बंद, हवे असेल त्याने कळवावे? कागद वाचेल, झाडे वाचतील, आकडे सुंदर दिसतील. पण वीजबिल हा आपल्याकडे नुसता हिशेब नसतो. शाळाप्रवेशापासून बँकेच्या खात्यापर्यंत पत्त्याचा पुरावा म्हणून तोच कागद पुढे करावा लागतो. ज्या घरात एकच स्मार्टफोन आहे आणि तो मुलाच्या खिशात कामावर जातो, त्या घरातल्या आजींना बिल आले कधी आणि मुदत संपली कधी, हे कळणार कसे? मुदत चुकली की विलंब आकार बसतो. म्हणजे ज्याला रिमोट उचलणे सोपे आहे त्याच्यासाठी गृहीत पर्याय हा खरोखर हलका धक्का असतो; ज्याला रिमोटच सापडत नाही त्याच्यासाठी तोच पर्याय सक्ती होऊन बसतो. थेलर-सनस्टीन यांचीही पहिली अट हीच होती, की बाहेर पडण्याची वाट सोपी आणि स्वस्त हवी. ही वाट सोपी कुणासाठी, हा प्रश्न मात्र आपल्या देशात दर वेळी नव्याने विचारावा लागेल.

गृहीत पर्यायाखालोखाल जोर असतो तो शेजाऱ्याचा. अमेरिकेतल्या सॅन मार्कोस या कॅलिफोर्नियातील गावी २००७ साली प्रसिद्ध झालेला एक छोटा प्रयोग या शास्त्रात फार गाजला. घरोघरी चिठ्ठ्या दिल्या: तुमचा वीजवापर इतका, शेजाऱ्यांची सरासरी इतकी. जास्त वापरणाऱ्यांनी वापर कमी केला. पण कमी वापरणारे ‘आपण उगाच काटकसर करतो आहोत’ असे वाटून सरासरीकडे वर सरकले! तेव्हा संशोधकांनी चिठ्ठीवर नुसता हसरा चेहरा काढला. कमी वापरणाऱ्यांना शाबासकी, एवढाच त्याचा अर्थ. वर सरकणे थांबले. पुढे एका कंपनीने अशाच चिठ्ठ्या लाखो अमेरिकन घरांत पाठवल्या तेव्हा सरासरी बचत दोन टक्क्यांच्या आसपास भरली. फार नाही, पण एका कागदाच्या मोबदल्यात वाईटही नाही.

‘लोक काय म्हणतील’ या शास्त्रात आपण अमेरिकनांच्या कितीतरी पुढे आहोत, तेव्हा इथे हा उपाय अधिक लागू पडायला हवा. आणि तसा तो पडलाही. दिल्ली परिसरात अनंत सुदर्शन यांनी केलेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शेजाऱ्यांशी तुलना करणाऱ्या साप्ताहिक अहवालांमुळे उन्हाळ्यातला वीजवापर सुमारे सात टक्क्यांनी उतरला. गंमत पुढेच आहे. त्याच अहवालाला पैशाच्या बक्षिसाची जोड दिली तेव्हा हा परिणाम जवळजवळ पुसला गेला. पैसे आले की डोके व्यवहाराने चालू लागते: एवढ्याशा रकमेसाठी पंखा का बंद करायचा? दहा रुपयांच्या सवलतीने ‘गो ग्रीन’ला फारशी धाव का मिळाली नसावी, याचे थोडे उत्तर या दिल्लीच्या घरांत सापडू शकेल.

लाज वाटवून काम करून घ्यावे, असेही काहींना वाटते. कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरात २०१९ साली एका किराणा दुकानदाराने प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर चामखिळीच्या मलमाच्या घाऊक दुकानाची आणि तसलीच आणखी काही लाजिरवाणी नावे छापून घेतली. अशी पिशवी हातात घेऊन रस्त्याने जायला लाज वाटेल आणि लोक घरून पिशवी आणतील, असा त्याचा होरा. झाले ते असे, की पिशव्या इतक्या लोकप्रिय झाल्या की लोक मुद्दाम त्या गोळा करायला येऊ लागले. माणसाच्या मनाला ढोसताना ते कोणत्या बाजूला कलंडेल याचा भरवसा नसतो.

पिशवीचा विषय निघालाच आहे तर थोडे थांबू. आयर्लंडने ४ मार्च २००२ पासून दुकानातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीवर १५ सेंटचा आकार लावला. त्यापूर्वी तिथे दरडोई वर्षाला सुमारे ३२८ पिशव्या वापरल्या जात. आकडा झपाट्याने २१ पर्यंत खाली आला. सधन देशातल्या माणसाला १५ सेंट म्हणजे काहीच नव्हे. पण पिशवी फुकट मिळायची थांबली, बिलात तिची वेगळी ओळ दिसू लागली आणि दर वेळी ‘हवी’ असे तोंडाने म्हणावे लागू लागले. पूर्वी न मागता मिळे ती आता मागावी लागे. बारीकसा आकार आणि बदललेला गृहीत पर्याय यांची ती जोडगोळी होती आणि तिच्यामागे कायदा उभा होता.

महाराष्ट्राने वेगळा मार्ग घेतला. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर, तुंबलेल्या गटारांचा धडा म्हणून, ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आली. मार्च २०१८ मध्ये त्याहून व्यापक बंदीची अधिसूचना निघाली. २३ जूनपासून अंमलबजावणी सुरू झाली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड. पहिल्या काही आठवड्यांत काय कापडी पिशव्या निघाल्या! जुन्या साड्यांच्या, पडद्यांच्या, लग्नात आहेर म्हणून आलेल्या. पुढे धाडी विरळ झाल्या आणि भाजीच्या गाडीवर कोथिंबिरीच्या जुडीखालून पातळ पिशवी हळूच परतली. मागणारा मागतो म्हणून देणारा देतो, आणि देणारा देतो म्हणून मागणारा घरून पिशवी आणत नाही. पाच हजारांचा दंड कागदावर जबर दिसतो. पण जो दंड वर्षातून एखाद्या वेळी शहरातल्या एखाद्यालाच होतो त्याचा धाक, दर खरेदीला हमखास मोजाव्या लागणाऱ्या दोन रुपयांइतकाही राहत नाही, असे मला वाटते.

खरे तर कापडी पिशवी आपल्याला कुणी शिकवायला नको होती. आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्यांच्या लहानपणी वाण्याकडे जाताना पिशवी आणि तेलाची किटली घेऊनच जावे लागे, कारण वाणी कागदाच्या पुड्याखेरीज काही देत नसे. मुंबईत आरे दुधाच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या केंद्रावर परत देऊन भरलेल्या घरी येत. रद्दी विकली जाई, वहीची कोरी पाने नव्या वहीत शिवली जात. त्या पिढीला पर्यावरणाचा पुळका होता असे मुळीच नाही. चणचण होती, आणि बाजाराची मांडणीच तशी होती. पुढे ती बदलली. बाटलीची पिशवी झाली, सुट्या वस्तूची पुडी झाली, एका धुण्यापुरता शाम्पू चकचकीत वेष्टनात दारोदार पोचला. हे बदल ग्राहकाने मतदान करून आणलेले नाहीत. पिशवी फुकट मिळणे हाही एक गृहीत पर्यायच होता आणि तो ठरवणारे दुकानदार, कारखानदार आणि जाहिरातदार होते. ‘सरकारने आमच्या निवडीत लुडबूड करू नये’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की त्या निवडीत लुडबूड आधीपासूनच चालू आहे.

ती किती पोचलेली असते, हे मोबाइलवरून खरेदी करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. न मागता टोपलीत येऊन बसलेली वस्तू, चालू करताना एक टिचकी आणि बंद करताना सात पडदे मागणारी वर्गणी, ‘फक्त दोनच शिल्लक’ची घाई. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा तेरा छुप्या क्लृप्त्यांची यादी करून त्यांना मनाई केली. मानसशास्त्र तेच, हेतू उलटा. तेव्हा कोपर वापरावे की नाही हा वाद पोकळ आहे. विचारायचे ते एवढेच, की ते कुणाचे, उघड आहे का, आणि कुणाच्या फायद्याचे.

आता या युक्तीच्या मर्यादा. नियतकालिकांत छापून येणाऱ्या प्रयोगांत यश मोठे दिसते, कारण फसलेले प्रयोग फारसे छापले जात नाहीत. स्टेफानो देलाविन्या आणि एलिझाबेथ लिनोस यांनी २०२२ साली दोन्ही ढीग शेजारी ठेवून पाहिले. विद्वत्-नियतकालिकांतल्या प्रयोगांत लोकांचा प्रतिसाद सरासरी ८.७ टक्के बिंदूंनी वाढलेला. अमेरिकेतल्या दोन मोठ्या पथकांनी प्रत्यक्ष केलेल्या १२६ प्रयोगांत, २ कोटी ३० लाख लोकांवर, फक्त १.४ ने. म्हणजे युक्ती खोटी नाही, पण जाहिरातीइतकी थोरही नाही. शिवाय मन एका खिशातली बचत दुसऱ्या खिशातून उधळते. अमेरिकेत बॉस्टनजवळच्या एका गृहसंकुलात पाणी वाचवण्याची मोहीम झाली. पाण्याचा वापर सहा टक्क्यांनी घटला आणि त्याच घरांतला विजेचा वापर ५.६ टक्क्यांनी वाढला. सकाळी बादलीभर पाण्यात आंघोळ उरकल्याचे पुण्य दुपारी एसी लावून खर्ची पडले म्हणायचे!

याउलट एलईडी दिव्यांची गोष्ट पाहा. आज आपल्या घरांतले पिवळे बल्ब दिसेनासे झाले आहेत. ते हसरे चेहरे काढलेल्या चिठ्ठ्यांमुळे गेलेले नाहीत. सरकारी कंपनीने दिव्यांची एकगठ्ठा खरेदी केली आणि २०१४ साली ३१० रुपयांना पडणारा दिवा २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेतून ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले, काही राज्यांत वीजबिलातून हप्त्याहप्त्याने पैसे घेऊन. स्वस्त, जवळ आणि टिकाऊ अशी वस्तू समोर आली. लोकांनी ती घेतली. ग्राहकाचे मन वळवण्याचे काम किमतीने केले.

इथेच मला थोडा संशय येतो. ग्राहकाच्या सवयींवर एवढे लक्ष जाते तेव्हा दुसऱ्या कुणावरचे ते उडालेले असते. ‘कीप अमेरिका ब्यूटिफुल’ ही कचरा टाकू नका सांगणारी संस्था १९५३ साली सुरू झाली ती डबे-बाटल्या बनवणाऱ्या कंपन्यांच्या पुढाकाराने. व्यक्तीच्या ‘कार्बन पाऊलखुणा’ मोजण्याची टूम घरोघर नेली ती २००४ च्या सुमारास बीपी या तेलकंपनीने. तुम्ही दिवा बंद केला का, हे तेल विकणाऱ्याने विचारावे, यातला विनोद उंची आहे. आणि हा नुसता विनोद नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असे दिसले, की स्वच्छ विजेच्या गृहीत पर्यायाचा सोपा उपाय समोर ठेवला की कार्बन कराला असलेला लोकांचा पाठिंबा कमी होतो. स्वस्तात भागते आहे असे वाटले की महाग औषध कोण घेणार? त्या सोप्या उपायाने प्रत्यक्षात किती थोडे साधते हे सांगितल्यावर पाठिंबा परत आला, हे मात्र आशादायक. या अभ्यासाचे एक लेखक जॉर्ज लोवेनस्टीन याच शास्त्राचे एक मोठे नाव. त्यांनी आणि निक चेटर यांनी २०२२ साली उघडच लिहिले, की आपण शास्त्रज्ञ व्यक्तीच्या दुरुस्तीत गुंतलो आणि व्यवस्थेकडे पाहायचे राहून गेले.

आपल्या सरकारची ‘लाइफ’ मोहीम ऑक्टोबर २०२२ मध्ये गुजरातेत एकतानगरला सुरू झाली. पर्यावरणस्नेही जीवनशैलीचा तिचा आग्रह योग्यच आहे. पण सोसायटीतल्या बाईंनी ओला कचरा हिरव्या डब्यात आणि सुका निळ्या डब्यात टाकावा आणि खाली आलेल्या गाडीने दोन्ही एकत्र ओतावेत, असे जिथे होते तिथे दुसऱ्या दिवशी कुठले कोपर उपयोगी पडणार? आणि ज्या घरात एक पंखा नि दोन दिवे आहेत, त्या घराला काटकसरीची चिठ्ठी कशासाठी पाठवायची? ती घरे तर आधीच हसऱ्या चेहऱ्याची मानकरी आहेत.

या सगळ्या शास्त्राचा नमुना आपण दर भाद्रपदात आपल्या डोळ्यांनी पाहतो. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या काळापासून, विसर्जनाच्या घाटावर उभे राहून ‘मूर्ती दान करा’ असे हात जोडून सांगत आले. आधी शिव्या खाल्ल्या, नंतर लोक थांबू लागले. मग पुणे महापालिकेने घाटांवर हौद बांधले, निर्माल्यासाठी कलश ठेवले. २०१६ साली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या मदतीने प्लॅस्टर ऑफ पॅरिसची मूर्ती घरीच विरघळवण्यासाठी अमोनियम बायकार्बोनेट वाटले. नदीच्या पायऱ्यांच्या अलीकडे, आरतीच्या पाटासकट, मान राखून विसर्जन करता येईल अशी जागा समोर आली तेव्हा असंख्य कुटुंबांनी ती स्वीकारली. श्रद्धेला धक्का नाही, पायांना मात्र वळण. पुस्तकातला नज याहून वेगळा काय असतो? जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्तींचे विसर्जन कृत्रिम तलावांतच व्हावे असे सांगितले, तेव्हा लोकांची सवय आधीच अर्ध्या वाटेवर येऊन थांबलेली होती.

पण हौद नदी वाचवतो; प्लॅस्टर कमी करत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये पीओपी मूर्तींना मनाई करणारी सुधारित मार्गदर्शक तत्त्वे काढली. तरी बाजारात गेलेल्या कुटुंबासमोर शाडूच्या एका मूर्तीशेजारी प्लॅस्टरच्या दहा असतात, हलक्या, चकचकीत आणि खिशाला परवडणाऱ्या. त्या दुकानात उभे राहून शाडूची निवडणे म्हणजे प्रवाहाविरुद्ध पोहणे होय. ही मांडणी श्रावणात झालेली नसते. पेणच्या कारखान्यांत पुढल्या वर्षीच्या कच्च्या मूर्ती कित्येक महिने आधीच साच्यांतून निघू लागतात, आणि शाडूची माती बाहेरून, मुख्यतः गुजरातेतून, आणावी लागते. मूर्ती वाळायला वेळ लागतो, वाहतुकीत ती फुटते. मुंबई महापालिकेने अलीकडच्या वर्षांत मूर्तिकारांना शाडूची माती मोफत आणि मंडपाला जागा द्यायला सुरुवात केली आहे. हा धक्का ग्राहकाच्या बरगडीला नव्हे, कारखान्याच्या दाराशी दिलेला आहे, आणि तो दिवाळीनंतर लगेच दिला तर त्याचा उपयोग. सोसायट्यांनीही वर्गणीची वही गौरी-गणपतीच्या तोंडावर काढण्याऐवजी पौष-माघात काढून शाडूच्या मूर्तींची मागणी आगाऊ नोंदवली, तर मूर्तिकाराला माती किती मागवायची ते तेव्हाच कळेल.